सेल सारखे बदलावे लागतात? कुठे रिचार्जेबल, कुठे वापरून टाकायचे, आणि चूक कशी शोधायची

तक्रार एकाच वाक्याची असते: 'सेल टिकत नाहीत.' कारणं मात्र एकमेकांच्या अगदी उलटी निघतात. गेम कंट्रोलरमध्ये चांगले अल्कलाइन, म्हणजे वापरून टाकायचे, सेल घातले तरी आठवड्यात संपतात. भिंतीवरच्या घड्याळात महागाचा रिचार्जेबल घातला तर घड्याळ चार महिन्यांत थांबतं. बीपी मशीन सेल बदलायला सांगतं आणि तेच काढलेले सेल घड्याळात आणखी सहा महिने चालतात. या तिन्ही ठिकाणी सेल खराब नाहीत. चुकीच्या जागी बसलेले आहेत.

आधी उपकरणाची भूक बघा

सेलवर लिहिलेली क्षमता, म्हणजे एमएएच (मिलिअँप-तास), हा अर्धाच हिशोब आहे. उपकरण एका वेळी किती करंट ओढतं आणि एकदा घातलेल्या सेलने किती महिने काढायचे आहेत, हे दोन प्रश्न त्याआधी येतात.

भिंतीवरचं टिकटिकणारं क्वार्ट्झ घड्याळ सरासरी ०.२ मिलिअँपच्या आसपास किंवा त्याहून कमी ओढतं. २००० एमएएचच्या अल्कलाइन सेलला ०.२ ने भागलं तर १०,००० तास, म्हणजे वर्षाहून थोडं जास्त. आता त्याच घड्याळात जुन्या पद्धतीचा, २५०० एमएएचचा साधा निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे नेहमीचा रिचार्जेबल, सेल घाला. तो नुसता पडून राहिला तरी सुरुवातीला रोज एक टक्क्याच्या आसपास उतरतो, म्हणजे दिवसाला २५ एमएएच. घड्याळ दिवसाला खातं जेमतेम ५. सेल घड्याळापेक्षा पाचपट स्वतःच स्वतःला खातोय! घड्याळात रिचार्जेबल टिकत नाही याचं कोडं एवढंच आहे.

कंट्रोलर, मोटार असलेली खेळणी, जोरदार टॉर्च, कॅमेऱ्याचा फ्लॅश यांचं उलटं. कंट्रोलर कंपनासकट ५० ते १५० मिलिअँप घेतो, खेळण्यातली मोटार काहीशे, फ्लॅश चार्ज होताना एक अँपच्या वर. अल्कलाइन सेलचा आतला रोध नवा असतानाच ०.१५ ते ०.३ ओहम असतो आणि सेल उतरत जाईल तसा वाढतो. ०.२ ओहम धरला तरी एक अँपला ०.२ व्होल्ट आतच जिरतात. म्हणून अल्कलाइनचा जो २५०० एमएएचचा आकडा सांगतात तो हलक्या भाराचा असतो. एक अँपला त्यातला निम्मासुद्धा हाती लागत नाही. निकेल-मेटल हायड्राइडचा रोध ०.०२ ते ०.०५ ओहम, त्यामुळे तो जड भारालाही जवळपास पूर्ण क्षमता देतो.

बीपी मशीन मधलं आहे. दिवसातून मिनिटभरच चालतं, म्हणजे एकूण खर्च थोडा, पण पंप चालू होतो तेव्हा जोरात ओढतो. अर्धवट उतरलेल्या अल्कलाइनचं व्होल्टेज त्या क्षणी कोसळतं आणि मशीन सेल संपल्याचं चिन्ह दाखवतं. घड्याळ एवढं कधी ओढतच नाही, म्हणून तिथे तेच सेल चालतात. ही युक्ती वापरायला हरकत नाही, पण फक्त स्वस्त घड्याळात, कारण असे अर्धवट सेल पुढे गळतात. गळतीवर खाली सविस्तर आहे.

'१.२ व्होल्टचे आहेत, मग कसे चालणार?'

हा आक्षेप सगळ्यात जास्त घेतला जातो आणि बहुतेक वेळा फोल असतो. अल्कलाइन सेल कोरा असताना १.६ व्होल्टच्या जवळ असतो, पण वापर सुरू झाला की उतरणीला लागतो आणि साधारण निम्म्या आयुष्यात १.२ ते १.३ वर येतो. उरलेलं निम्मं आयुष्य तो त्याहून खालीच काढतो. निकेल-मेटल हायड्राइड चार्जरमधून निघताना १.४ असतो, लगेच १.२ ते १.२५ वर स्थिरावतो, तिथेच सपाट राहतो आणि शेवटी एकदम पडतो. जे उपकरण अल्कलाइन सेल नीट निपटून काढतं, म्हणजे एका सेलमागे १.० किंवा ०.९ व्होल्टपर्यंत चालतं, त्याला १.२ ची काहीच अडचण नाही.

अडचण येते ती दोन-तीन प्रकारांत. काही उपकरणं एका सेलमागे १.२ च्या आसपासच 'सेल संपला' ठरवतात. त्यांत रिचार्जेबल पहिल्या दिवसापासून रिकामा दिसतो. जुन्या फिलामेंट बल्बच्या टॉर्चमध्ये उजेड पिवळा पडतो. आणि सहा सेलच्या उपकरणात फरक साचतो: ९ व्होल्टच्या जागी ७.२ मिळतात. चिन्ह अर्धं दिसतं पण उपकरण व्यवस्थित चालतं, असं असेल तर दुर्लक्ष करा. आधी सेटिंगमध्ये जाऊन बघा. काही फ्लॅश, जीपीएस आणि कॅमेऱ्यांच्या मेनूमध्ये सेलचा प्रकार निवडायची सोय असते. तिथे अल्कलाइनच्या जागी निकेल-मेटल हायड्राइड निवडलं की चिन्ह बरंचसं खरं बोलू लागतं.

सेलवरची अक्षरं वाचा

वेष्टनावरच्या 'हेवी ड्यूटी', 'सुपर', 'मॅक्स' या शब्दांना काडीची किंमत देऊ नका. गंमत म्हणजे 'हेवी ड्यूटी' लिहिलेला सेल बहुधा सगळ्यात हलका, झिंक-कार्बनचा असतो. खरी माहिती बारीक अक्षरांतल्या सांकेतिक क्रमांकात असते. डबल-ए आकारात नुसता आर६ म्हणजे झिंक-कार्बन, एलआर६ म्हणजे अल्कलाइन, एफआर६ म्हणजे १.५ व्होल्टचा एकदाच वापरायचा लिथियम, एचआर६ म्हणजे निकेल-मेटल हायड्राइड. ट्रिपल-एला ६ च्या जागी ०३ येतं. 'पेन्सिल सेल' हा शब्द या दोन्ही मापांना सर्रास वापरतात, तेव्हा आणायला सांगताना माप वेगळं सांगा.

रिचार्जेबलमध्येही दोन जाती आहेत. वर हिशोब केला तो साधा, महिन्याभरात २० ते ३० टक्के उतरणारा. दुसरा कमी उतरणारा. २००५ मध्ये सान्यो कंपनीने एनलूप नावाने तो बाजारात आणला, आता अनेक जण बनवतात. तो वर्षभर पडून राहिला तरी साधारण ७० ते ८५ टक्के भरलेला राहतो. पाकिटावर 'प्री-चार्ज्ड' किंवा 'रेडी टू यूज' लिहिलेलं असतं आणि डबल-एची क्षमता बहुधा १९०० ते २१०० एमएएच असते. २७०० किंवा २८०० चा मोठा आकडा बघून भुलू नका. मोठ्या क्षमतेचे सेल सहसा लवकर उतरतात आणि कमी वेळा चार्ज होतात. घरासाठी २००० वालेच घ्यावेत, अपवाद रोज चार्ज करून वापरायच्या फ्लॅशचा.

दोष शोधायचा क्रम

साधा मल्टिमीटर (व्होल्टेज आणि करंट मोजायचं यंत्र) आणि १० ओहम, अर्ध्या वॉटचा एक रेझिस्टर एवढं पुरे.

१. सगळे सेल बाहेर काढा आणि उपकरणातल्या कुठल्या खाचेतून कुठला निघाला ते मार्करने लिहा. ते विसरलात तर पुढचं मोजमाप फुकट जातं.

२. प्रत्येक सेलला रेझिस्टर जोडून पाच सेकंदांनी व्होल्टेज वाचा. नुसतं मोजलं तर मेलेला अल्कलाइनही १.४ दाखवून फसवतो. रेझिस्टर लावल्यावर साधारण १५० मिलिअँप वाहतात आणि खरं रूप दिसतं. अल्कलाइन १.४ च्या वर असेल तर चांगला, १.२ ते १.३ असेल तर हलक्या कामाचा, १.१ च्या खाली असेल तर जड कामातून बाद. निकेल-मेटल हायड्राइडमध्ये १.१ च्या खाली म्हणजे रिकामा, पण १.२ ते १.३ मध्ये तो किती भरलाय हे व्होल्टेजवरून कळत नाही. त्याची वक्ररेषाच सपाट आहे.

३. एकच सेल बाकीच्यांपेक्षा ०.१ व्होल्टहून जास्त मागे असेल तर दोषी सापडला.

४. सगळे सारखे आणि चांगले असतील तर सेल परत घाला, उपकरण चालू करा आणि चालू असतानाच मोजा: आधी प्रत्येक सेलच्या दोन टोकांवर, मग पहिल्या आणि शेवटच्या पट्टीवर, म्हणजे जिथून वायरी सर्किटकडे जातात तिथे. दोन सेलची बेरीज २.५ आणि पट्ट्यांवर २.२ आली, तर ०.३ व्होल्ट स्प्रिंगमध्ये आणि गंजात जातायत. नवे सेल आणून काही होणार नाही, पट्ट्या घासा.

५. पट्ट्याही ठीक असतील तर उपकरण बंद असताना करंट बघा. सेल आणि पट्टीच्या मध्ये कागदाचा तुकडा घाला, त्याच्या दोन्ही बाजूंना फॉइलची पातळ पट्टी लावून मीटर करंटवर जोडा. बंद उपकरण काही मिलिअँप ओढत असेल तर दोष उपकरणाचा. ३ मिलिअँप म्हणजे दिवसाला ७२ एमएएच. २००० चा सेल महिनाभरात साफ.

सेल टेबलावर उभा टाकून उसळतो का बघायची पद्धत बऱ्याच जणांना ठाऊक असते. २०१५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी ती तपासली. जस्ताचं ऑक्साइड होत जातं तशी अल्कलाइनची उसळी वाढते, पण सेल निम्मा उतरेपर्यंतच ती कमाल गाठते. म्हणजे उसळला म्हणजे कोरा नाही, एवढंच कळतं. संपला की नाही ते नाही. रिचार्जेबलला ही कसोटी लागूच नाही.

एक अशक्त सेल चौघांना बुडवतो

चार सेलच्या खेळण्यात वारंवार एकच रिचार्जेबल मरत असेल तर हे वाचा. समजा खेळणं ३.६ व्होल्टपर्यंत चालतं. तीन सेल भरलेले, प्रत्येकी १.२, त्यांची बेरीजच ३.६. म्हणजे चौथा पूर्ण रिकामा झाला तरी खेळणं थांबत नाही, आणि तिघांचा करंट त्या रिकाम्या सेलमधून जात राहतो. त्याचं व्होल्टेज शून्याखाली जातं, धन टोक ऋण होतं. आत वायू साठतो, तो सेल कायमचा अधू होतो, आणि पुढच्या खेपेला आणखी लवकर उलटा पडतो. लोक मग 'एक सेल सारखा खराब निघतो' म्हणून त्या जागी एकच नवा आणतात आणि अशक्तपणाची पाळी दुसऱ्यावर येते.

उपाय कंटाळवाणा आहे पण खात्रीचा: सेल एकत्र विकत घ्या, एकत्र वापरा, एकत्र चार्ज करा. अ१ ते अ४, ब१ ते ब४ असे गट मार्करने लिहून ठेवा. खेळणं मंदावलं की बंद करा, पूर्ण थांबेपर्यंत रेटू नका. अल्कलाइन आणि रिचार्जेबल एकत्र घालू नयेत हे वेगळं सांगायला नको.

चार्जर

रिचार्जेबल 'बेकार' ठरतात त्यात सेलपेक्षा चार्जरचा दोष जास्त असतो. सोबत फुकट येणारे काही चार्जर सेल जोडीने चार्ज करतात: एक दिवा दोन सेलचा. त्यातला एक अर्धा भरलेला असेल तर तो जास्त शिजतो किंवा दुसरा उपाशी राहतो. प्रत्येक खाचेला स्वतंत्र दिवा असलेला चार्जर घ्या. सेल भरला की व्होल्टेज किंचित खाली येतं, ५ ते १० मिलिव्होल्ट. चांगला चार्जर ही घसरण ओळखून थांबतो. २००० एमएएचच्या सेलला ५०० ते १००० मिलिअँपचा चार्जिंग करंट ठेवा. अगदी कमी ठेवला तर ही घसरण इतकी पुसट होते की चार्जरला दिसतच नाही आणि तो पुढे रेटत बसतो. ज्या चार्जरला थांबायचं कळतच नाही त्यात हिशोब वेळेचा: क्षमतेच्या दहाव्या हिश्शाचा करंट, १४ ते १६ तास. २००० ला २०० मिलिअँप, संध्याकाळी लावला तर सकाळी काढायचा.

शेवटी सेल हाताला कोमट लागणं योग्य. धरवत नसेल तर चार्जर थांबायला चुकतोय किंवा सेलचा रोध वाढलाय. रिकामा असूनही पाच मिनिटांत हिरवा दिवा लागणारा सेल म्हाताराच समजा. चार्जर सेल ओळखतच नसेल तर तो फार खाली उतरलेला आहे. साध्या, न ओळखणाऱ्या चार्जरमध्ये दहा मिनिटं ठेवून मग नेहमीच्या चार्जरला लावा. जागा झाला तर तीन-चार वेळा पूर्ण उतरवून, म्हणजे १.० व्होल्टपर्यंत, पुन्हा भरा. त्यानंतरही छापील क्षमतेच्या ६० टक्क्यांखाली राहिला तर तो माउस किंवा रिमोटकडे पाठवा, कंट्रोलरच्या गटात ठेवू नका.

बिनतारी लँडलाइन फोन आणि बागेतले सौर दिवे सेल स्वतःच चार्ज करतात. तिथे अल्कलाइन घातला तर तो गळतो किंवा फुटतो. सौर दिव्यात ६०० चा सेल काढून २५०० चा घालण्यातही अर्थ नाही, कारण त्या बोटभर पॅनेलला तो दिवसभरात भरताच येत नाही.

गळती

अल्कलाइन सेलमधलं जस्त हळूहळू गंजतं आणि हायड्रोजन सुटतो. दाब वाढला की बुडाकडची झडप फुटते आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं. हवेतला कार्बन डायॉक्साइड शोषून त्याची पांढरी भुकटी होते. रिकामे, उपकरणात विसरलेले, जुन्या-नव्यात मिसळलेले सेल आधी गळतात. रिमोट, वजनकाटा, टॉर्च अशा वर्षानुवर्षं न उघडणाऱ्या वस्तूंचं सगळ्यात जास्त नुकसान यातूनच होतं.

साफ करताना हातमोजे घाला, डोळ्यांना जपा. हा अल्कली त्वचा भाजतो. कोरडी भुकटी आधी जुन्या ब्रशने झाडा. मग कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पट्टीवर टेकवा. फसफसेल, ते थांबेपर्यंत नवी काडी घेत राहा. नंतर किंचित ओल्या काडीने पुसा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुन्हा पुसा, तासभर सुकू द्या. शेवटी खोडरबर किंवा बारीक पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा. झिंक-कार्बनचा सेल गळला असेल तर तो चिकटा आम्लधर्मी असतो, त्याला खाण्याच्या सोड्याचं पाणी. स्प्रिंग हिरवीकाळी होऊन तुटत असेल किंवा वायरीत गंज शिरला असेल तर पट्टी बदलावीच लागते.

इथे आमचं मत रूढ सल्ल्याहून थोडं वेगळं आहे. रिमोटमध्ये रिचार्जेबल घालून पैसे वसूल होत नाहीत हे खरं. सेल चौपट महाग धरला आणि अल्कलाइन वर्षातून एकदा बदलत असाल तर बरोबरीलाच चार वर्षं लागतात. कंट्रोलरमध्ये तीच बरोबरी महिन्यात होते. पण निकेल-मेटल हायड्राइड फार क्वचित गळतो. रिमोट, कीबोर्ड किंवा मीटर महागाचा असेल तर तिथे कमी उतरणारा रिचार्जेबल किंवा लिथियम एफआर६ घालावा, हिशोब जुळो न जुळो.

यूएसबीने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम-आयन

आत ३.७ व्होल्टचा छोटा सेल आणि तो १.५ वर उतरवणारं सर्किट असतं. १.२ व्होल्ट न चालणाऱ्या उपकरणांना हे योग्य. तोटे तीन. व्होल्टेज शेवटपर्यंत स्थिर राहिल्याने चिन्ह भरलेलं दाखवत राहतं आणि उपकरण अचानक बंद पडतं. ते सर्किट नुसतं असतानाही थोडं खातं, म्हणून घड्याळाला ते नकोत. शिवाय त्याच्या विद्युत गोंगाटाने रेडिओत खरखर येऊ शकते. पाकिटावरचा आकडाही नीट वाचा: ३००० लिहिलेलं असतं, पण एकक मिलिवॅट-तास. १.५ ने भागलं तर २००० एमएएच. शेजारचा २००० एमएएचचा निकेल सेल गुणिले १.२, म्हणजे २४०० मिलिवॅट-तास. फरक आहे, पण दीडपट नाही.

याच मापाचा १४५०० नावाचा सेल मात्र ३.७ व्होल्ट थेट देतो. तो साध्या उपकरणात घातला तर उपकरण जळू शकतं.

जिथे वापरून टाकायचेच

धुराचा अलार्म: त्याच्या पुस्तिकेत दिलेलाच प्रकार, रिचार्जेबल नाही. नऊ व्होल्टच्या रिचार्जेबलमध्ये सहा सेलचा ७.२ आणि सात सेलचा ८.४ व्होल्टचा असतो. मल्टिमीटरला घ्यायचा असेल तर ८.४ चा बघा. संकटकाळच्या टॉर्चला एफआर६. तो हलका, कडाक्याच्या थंडीतही चालतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. फक्त कोरा असताना १.८ व्होल्ट दाखवतो, हे नाजूक जुन्या उपकरणाला घालताना ध्यानात ठेवा.

बटण सेलमध्ये सीआर२०३२ ला पर्याय म्हणून रिचार्जेबल एलआयआर२०३२ घेऊ नका. पहिला ३ व्होल्ट आणि २२० एमएएचच्या आसपास, दुसरा भरल्यावर ४.२ व्होल्ट आणि जेमतेम ४० एमएएच. नवा सीआर२०३२ घालूनही उपकरण चालू होत नसेल तर सेलला कडू लेप आहे का बघा. मुलांनी गिळू नये म्हणून तो देतात, आणि काही उपकरणांत तोच संपर्क अडवतो. त्यासाठी लेप खरवडू नका, बिनलेपाचा सेल आणा आणि मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत दोन तासांत जखम करतो, अशा वेळी थेट रुग्णालय गाठायचं.

सुटे सेल कोरड्या, थंड कपाटात ठेवा. फ्रिजमध्ये नको, तिथे दव धरतं. नऊ व्होल्टच्या सेलची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात, खणातली एखादी किल्लीही त्यांना जोडून तापवू शकते. वापरलेला असो वा नवा, टोकांवर चिकटपट्टी लावा. लिथियमचे सेलही ई-कचऱ्यात देईपर्यंत तसेच पट्टी लावून वेगळ्या डब्यात.